कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस

४०-५० हजार रुपयांत गेमिंगसाठी कॉम्प्युटर असेंबल करायचा म्हटले की सल्ला ठरलेला असतो. निम्मे पैसे ग्राफिक्स कार्डात घाला, उरलेल्यात प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम आणि एसएसडी बसवा. एसएमपीएसचा प्रश्नच येत नाही, तो कॅबिनेटबरोबर मिळतो. लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या गावातल्या दुकानापर्यंत कुठेही कोटेशन मागितले, तर शेवटच्या ओळीत ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ एवढेच लिहून येण्याची शक्यता मोठी. ना कंपनीचे नाव, ना मॉडेल. हा सल्ला देणाऱ्यांचा तर्क असा, की एसएमपीएसने एकही फ्रेम वाढत नाही. मग ज्याचे बजेट तोकडे आहे त्याने तिथे पैसा का अडकवावा? ऐकायला हे हिशेबी वाटते. पण हा हिशेब चुकलेला आहे, आणि त्याची भरपाई ज्यांना सगळ्यात कमी परवडते त्यांनाच करावी लागते. म्हणून त्याला सविस्तर उत्तर द्यायला हवे.

आधी या सल्ल्यातला खरा भाग मान्य करू. गेम चालताना पडद्यावरचे चित्र रंगवण्याचे बहुतेक काम ग्राफिक्स कार्ड करते. १०८०पी पडद्यावर खेळणाऱ्याला २०२२ सालचा इंटेलचा आय-थ्री १२१००एफ किंवा एएमडीचा रायझन ५ ५६०० हे प्रोसेसर मधल्या पातळीच्या कार्डाला बहुतेक गेममध्ये पुरून उरतात. त्यांच्या जागी दुप्पट किमतीचा प्रोसेसर घेऊन कार्डात काटकसर केली, तर फ्रेम्स वाढायच्या ऐवजी घटतील. दहा वर्षांपूर्वी लोक आय-सेव्हनच्या नावाला भुलून कार्ड दुबळे घेत. ती चूक या सल्ल्याने बरीच कमी केली, आणि त्याबद्दल त्याचे ऋण मानले पाहिजे. ‘कार्डाला अग्रक्रम द्या’ इथपर्यंत माझे काहीच म्हणणे नाही. ‘म्हणून बाकीचे कसेही चालेल’ ही उडी मात्र मला मान्य नाही. पहिले वाक्य मोजून सिद्ध झालेले आहे. दुसरे कुणी मोजलेलेच नाही, ते पहिल्याच्या आडोशाने आत शिरले आहे.

एसएमपीएसचे काम काय, ते पाहू. भिंतीतून येणाऱ्या २३० व्होल्टच्या एसी विजेचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्टच्या डीसी विजेत रूपांतर करतो. एके काळी मदरबोर्ड आणि प्रोसेसर मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टवर चालत. पेंटियम ४ च्या सुमारास, २००० साली एटीएक्स१२व्ही हा नवा मापदंड आला आणि प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची तार निघाली. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरूनच घेतात. तेव्हा डब्यावर ठळक छापलेला ‘४५० वॉट’ हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. त्याच्या शेजारी लहान अक्षरांत जो तक्ता असतो, त्यात १२ व्होल्टखाली किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे लागते. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. उरलेले वॉट ५ आणि ३.३ व्होल्टच्या रकान्यांत, म्हणजे आजचा कॉम्प्युटर ज्यांना फारसा हात लावत नाही अशा जागी पडून असतात. चांगल्या बनावटीच्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर त्याच रकान्यात ३६-३७ अँपिअर दिसतात. दोन डबे, वर छापलेला आकडा एकच, आणि कामाच्या जागी दुपटीहून जास्त फरक. एका डब्यावर हा तक्ताच नसेल, तर उत्तर त्यातच मिळाले असे समजावे.

आता मागणीची बाजू. रायझन ५ ५६०० ची विजेची कमाल मर्यादा ७६ वॉट आहे. बजेटवाल्यांचे लाडके आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॉट घेते. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी आणि पंखे यांचे ३०-४० वॉट धरले, तर भर खेळात बेरीज २५० वॉटच्या आसपास जाते. प्रामाणिक ४५० वॉटच्या एसएमपीएसला हे ओझे निम्म्याहून थोडे जास्त, म्हणजे आरामाचे. १९२ वॉटवाल्याला ते पहिल्याच संध्याकाळी झेपण्यापलीकडचे. शिवाय २५० ही सरासरी आहे. आधुनिक कार्ड काही मिलिसेकंदांपुरती आपल्या नेमून दिलेल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेते, आणि ती उसळी एसएमपीएसलाच सोसावी लागते. आणखी एक खूण सांगतो. कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. त्यापुढची वीज सहा पिनांच्या तारेतून ७५ आणि आठ पिनांच्या तारेतून १५० वॉट अशी येते. फुकटच्या एसएमपीएसला ही आठ पिनांची तार पुष्कळदा नसतेच. मग दुकानातून मोलेक्सचा कन्व्हर्टर जोडून वेळ मारून नेली जाते. जुन्या हार्ड डिस्कसाठी असलेल्या बारीक तारेवर ग्राफिक्स कार्ड चालवायचे, असा त्याचा अर्थ. कन्व्हर्टरची गरज पडली तिथेच थांबायला हवे. तो एसएमपीएस या कार्डासाठी बनलेलाच नाही, हे त्याने स्वतःच सांगितलेले असते.

झेपले नाही तर फार तर कॉम्प्युटर बंद पडेल, असे म्हणणारे आहेत. बंद पडला तर नशीबच म्हणायचे, कारण बंद पडणे हेही एक काम आहे आणि त्यासाठी एसएमपीएसच्या आत वेगळे सर्किट लागते. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेले, प्रवाह फार वाढला, शॉर्ट झाला, आतले तापमान चढले, अशा प्रत्येक प्रसंगी वीज तोडणारी संरक्षणे चांगल्या एसएमपीएसमध्ये असतात. एटीएक्सच्या मापदंडाप्रमाणे १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ च्या आत राहायला हवी आणि तिच्यावरचा तरंग १२० मिलिव्होल्टच्या पुढे जाता कामा नये. स्वस्तात माल काढायचा असेल, तर आधी कात्री लागते ती बाहेरून न दिसणाऱ्या याच गोष्टींना. विजेतला गोंगाट गाळणारी कॉइल असायची तिथे साधी तार जोडून दिलेली असते, लाट शोषणाऱ्या घटकाची जागा मोकळी असते, कपॅसिटर लहान आणि १०५ ऐवजी ८५ अंशांचे असतात. शेवटचा मुद्दा आपल्या हवामानात फार जड जातो. या कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीमागे साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतल्या, काचेच्या दाराच्या कॅबिनेटमध्ये काय तापमान असेल, याचा विचार थंड देशातल्या चाचण्या वाचून ‘चालतंय की’ म्हणणाऱ्याने करायला हवा.

सगळ्यात जोरदार आक्षेप अनुभवाचा आहे. ‘असले एसएमपीएस आम्ही पंधरा वर्षे लावतोय, काही झाले नाही.’ असे सांगणारे दुकानदार खोटे बोलत नाहीत, आणि म्हणूनच या आक्षेपाकडे नीट पाहिले पाहिजे. त्यांचा अनुभव कोणत्या मशीनचा आहे? टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या ऑफिसचा, शाळेच्या लॅबचा, झेरॉक्सच्या दुकानाचा, सायबर कॅफेचा. त्या कॉम्प्युटरांत वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते. दिवसभर चालले तरी ते ६०-७० वॉटच्या पुढे क्वचित जातात. १९२ वॉट देऊ शकणाऱ्या डब्याला त्यात अवघड काय? तो टिकला, कारण त्याच्याकडे कुणी खऱ्या अर्थाने काही मागितलेच नाही. गेमिंगचा कॉम्प्युटर ही वेगळी जात आहे. तीन-चार तास सलग पूर्ण ओझे, आणि तेही क्षणाक्षणाला वरखाली होणारे. बैलगाडीचा आस पंधरा वर्षे मोडला नाही, एवढ्यावर तो ट्रकला बसवता येत नाही. पंधरा वर्षांचा अनुभव खरा आहे, पण तो या प्रश्नाचा नाही.

शिवाय ‘काही झाले नाही’ हे कसे ठरते, तेही पाहिले पाहिजे. दुबळ्या एसएमपीएसचा बिघाड क्वचितच धूर सोडून आपले नाव सांगतो. गेम मध्येच बंद होतो, पडदा काळा होतो, कॉम्प्युटर स्वतःहून रीस्टार्ट होतो. मालक आधी गेमला दोष देतो, मग ड्रायव्हर बदलतो, मग विंडोज नव्याने टाकतो, रॅम काढून पुसून बसवतो, शेवटी कार्ड वॉरंटीत पाठवतो. तिथे ते दुसऱ्या एसएमपीएसवर व्यवस्थित चालते आणि ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येते. यात महिना जातो. या सगळ्या तक्रारी ड्रायव्हर, रॅम आणि कार्डाच्या खात्यावर जमा होतात. एसएमपीएसच्या नावापुढे शून्यच राहते. त्या शून्याचा पुरावा म्हणून वापर होत असेल, तर तो पुरावा तपासणीअभावीच तयार झालेला आहे.

इथे एक गोष्ट उलट बाजूनेही सांगायला हवी, नाहीतर माझाच हिशेब एकतर्फी होईल. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या की लगेच एसएमपीएसला बोल लावतात. पुष्कळदा तो दोष घरातल्या अर्थिंगचा असतो. चांगल्या एसएमपीएसमध्येही गाळणीचे कपॅसिटर कॅबिनेटला जोडलेले असतात, आणि अर्थिंग नसेल तर त्यांच्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह पत्र्यावर जाणवतो. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटमध्ये कोंबणाऱ्या घरात महागडा एसएमपीएस आणूनही झिणझिण्या जाणार नाहीत. तिथे आधी वायरमन बोलवावा.

आता पैशाचा आक्षेप. हा सगळ्यात खरा आहे, कारण इथे बोलणाऱ्याच्या खिशाचा प्रश्न आहे. एका नामवंत बनावटीच्या ४५०-५५० वॉटच्या एसएमपीएसला साधारण तीन ते पाच हजार रुपये पडतात, कॅबिनेटबरोबरचा जवळपास फुकट असतो. ४५ हजारांच्या मशीनमध्ये हे सात ते अकरा टक्के झाले. त्यातच २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव कडाडले आणि आधीच ताणलेले बजेट आणखी ताणले गेले. ‘चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला’ असे कुणी म्हणेल. पण म्हणीचे गणित इथे बसत नाही, मसाला अजून एक आण्याचाच आहे. आणि हे पैसे कुठून काढायचे, याची उत्तरे आहेत. काचेचे दार आणि रंगीत दिव्यांचे चार पंखे असलेल्या कॅबिनेटऐवजी पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट घेतले, की हजार-दीड हजार सुटतात आणि हवाही जास्त खेळते. प्रोसेसर ओव्हरक्लॉक करणार नसाल, तर मदरबोर्डही साध्या चिपसेटचा पुरतो. तेवढ्यानेही भागले नाही, तर मी स्पष्टच म्हणेन: ग्राफिक्स कार्ड एक पायरी खालचे घ्या. ७५ फ्रेम्सच्या जागी ६५ आल्या तर खेळ खेळता येतो. शून्य आल्या तर येत नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे सेकंड हँड बाजार, पण नेमक्या भागांसाठी. प्रोसेसर वापराने सहसा झिजत नाही. वापरलेले ग्राफिक्स कार्डही समोर अर्धा तास चालवून, तापमान बघून घेता येते. इथेरियमचे खनन १५ सप्टेंबर २०२२ ला संपले तेव्हा खाणीतली कार्डे मोठ्या संख्येने बाजारात आली. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलून त्यातली अनेक पुढे नीट चालली. एसएमपीएसचे तसे नाही. त्याची झीज आतल्या कपॅसिटरमध्ये होते, ती बाहेरून दिसत नाही आणि अर्ध्या तासात कळत नाही. म्हणून सेकंड हँड घ्यायचे असेल तर कार्ड घ्या, आणि एसएमपीएस नवा, बिलासह घ्या. प्रचलित सल्ला बरोबर याच्या उलटा आहे: कार्ड सीलबंद, एसएमपीएस कुठलाही. आजच कार्ड परवडत नसेल, तर रायझन ५ ५६००जी सारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन हलके गेम खेळत राहता येते आणि कार्ड वर्षभराने बसवता येते. त्या दिवशी मशीनमध्ये पुरेसा एसएमपीएस आधीपासून असेल, तर फक्त कार्ड घ्यावे लागेल. नसेल, तर दोन्ही. चांगल्या एसएमपीएसवर पाच वर्षांची वॉरंटी सर्रास मिळते. कॉम्प्युटरमधला हा असा भाग आहे जो पुढच्या कार्डालाही आणि त्याच्यापुढच्या मदरबोर्डलाही कामी येतो.

याच मुद्द्यावर दुसऱ्या टोकाला गेलेल्यांशीही माझे पटत नाही. एसएमपीएसचे महत्त्व एकदा कळले की काही जण ७५० वॉट आणि गोल्डच्या खाली बोलत नाहीत. ८० प्लस ही योजना २००४ साली सुरू झाली. ती सांगते की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती टक्के कामाला लागली आणि किती उष्णतेत गेली. ब्राँझसाठी अमेरिकेतल्या ११५ व्होल्टवर निम्म्या ओझ्याला ८५ टक्के, गोल्डसाठी ९० टक्के. संरक्षण सर्किट कसे आहे किंवा तरंग किती आहे, हे त्या बिल्ल्यात मोजलेले नसते. आता बचत काढू. २५० वॉटच्या खेळाला ब्राँझ भिंतीतून सुमारे २९४ वॉट ओढेल, गोल्ड २७८. रोज चार तास, वर्षभर खेळले तरी फरक पडतो २४ युनिटचा. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला २४० रुपये. रोज चार तास खेळणारेही थोडेच. दोन-अडीच हजार जास्त देऊन गोल्ड घ्यावा, असे या आकड्यांतून निघत नाही. २५० वॉटच्या मशीनला ७५० वॉटही नको. ब्राँझ, ४५० ते ५५० वॉट, आणि ज्या मॉडेलची कुणीतरी उपकरणे लावून स्वतंत्र चाचणी केली आहे असे मॉडेल, एवढे पुरे. मॉडेल म्हणतो, कंपनी नव्हे. कारण एकच कंपनी चांगला आणि सुमार माल दोन वेगळ्या मालिकांच्या नावांनी विकते, आणि नुसते कंपनीचे नाव सांगून केलेली शिफारस अर्धवट असते.

आपल्याकडच्या विजेचा मुद्दा इंग्रजी मार्गदर्शकांत येत नाही, आणि तिथले सल्ले जसेच्या तसे उचलणारेही तो विसरतात. वीज गेली आणि यूपीएसने किंवा इन्व्हर्टरने भार उचलला, यात काही मिलिसेकंद जातात. त्या मधल्या वेळात एसएमपीएसला स्वतःच्या साठ्यावर कॉम्प्युटर जिवंत ठेवावा लागतो. मापदंडानुसार साधारण १६ मिलिसेकंद. हा साठा मुख्य कपॅसिटरमध्ये असतो, आणि तो भाग महाग असल्यामुळे स्वस्त एसएमपीएसमध्ये लहान बसवलेला असतो. वीज पुन्हापुन्हा जाणाऱ्या गावात यूपीएस असूनही कॉम्प्युटर दर वेळी रीस्टार्ट होतो, त्यामागे बहुधा हे किंवा यूपीएसची दमलेली बॅटरी असते. घराघरांत असलेला ६०० व्हीएचा यूपीएस बहुधा ३६० वॉटपर्यंतच देतो. वरच्या मशीनचे २९४ वॉट आणि मॉनिटरचे २५-३० धरले, तर तो जवळजवळ काठावर येतो. तेव्हा वीज जाताच गेम सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच त्याचा भरवसा धरावा. आणि शेतीपंप सुरू झाले की जिथे व्होल्टेज १८० च्या खाली घसरते, तिथे १०० ते २४० व्होल्टवर चालणारा एसएमपीएस तग धरतो; २०० ते २४० एवढ्यातच चालणारा मान टाकतो. हे दोन आकडेही त्याच लहान अक्षरांच्या तक्त्यात असतात.

फ्रेम न वाढवणारे बाकीचे भाग मी इथे घेत नाही. रॅमची एकच पट्टी घ्यावी की दोन, हा प्रश्न तर फ्रेम्सचाच आहे आणि दोन पट्ट्यांच्या बाजूने निकाल कधीच लागलेला आहे. एसएमपीएसचे वेगळेपण एवढ्यासाठी, की रॅम बिघडली तर रॅमच जाते, एसएसडी गेली तर एसएसडी. एसएमपीएस वाईट तऱ्हेने गेला, तर त्याला जोडलेल्या प्रत्येक भागाला धोका असतो. आणि ४५ हजारांच्या मशीनमागे बहुतेक वेळा एखाद्या विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे साठवलेले पैसे किंवा घरच्यांनी एकदाच दिलेली रक्कम असते. दोन लाखांचे मशीन बांधणाऱ्याचे कार्ड जळले तर तो चिडेल आणि दुसरे घेईल. याला दुसरे मिळणार नाही. बजेट तोकडे आहे म्हणून तिथे पैसा अडकवू नका, असे जे सांगितले जाते, त्याला माझे उत्तर हेच आहे: बजेट तोकडे आहे म्हणूनच तो तिथे लागतो.

तेव्हा ४० हजार, ५० हजार अशा शीर्षकांखाली भागांच्या याद्या देणाऱ्यांकडे, मग ते दुकानदार असोत की लेखक, माझी मागणी अगदी साधी आहे. ‘कॅबिनेट विथ एसएमपीएस’ ही एक ओळ मोडून दोन करा. दुसऱ्या ओळीत मॉडेलचे पूर्ण नाव लिहा, १२ व्होल्टवरचे अँपिअर लिहा, वॉरंटीची वर्षे लिहा आणि बिलावर सीरियल नंबर टाका. या चार गोष्टी ज्या एसएमपीएसबद्दल लिहिता येत नसतील, तो यादीतून काढून टाका.